एकच स्ट्रिप, दोन जावा: अडतिशीत लेट्रोझोल का कमी पडतं

खानापूर तालुक्यातलं, जांबोटी रस्त्यावरून आत शिरलं की लागणारं एक गाव. एकत्र कुटुंब, दोन भाऊ, दोन जावा. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. नावं द्यायचीच नाहीत, म्हणून त्यांना थोरली आणि धाकटी एवढंच म्हणते.

धाकटी २७ वर्षांची. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पाळी दोन-दोन, कधी तीन-तीन महिन्यांनी यायची. सोनोग्राफीत पीसीओएस (बीजकोशातली अंडी वेळेवर न पिकण्याचा विकार) दिसला होता. अंडं फुटायला मदत करणारी लेट्रोझोलची गोळी सुरू केली, तिसऱ्या चक्रात दिवस राहिले आणि मुलगा झाला. बाळंतपणानंतर कपाट आवरताना उरलेली स्ट्रिप सापडली, ती तिनं मायेनं थोरलीच्या हातात ठेवली. "अक्का, मला ह्यानंच राहिलं बघ. तू बी घेऊन बघ की."

थोरली ३८ वर्षांची. तिनं पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, अशा गोळ्या तीन महिने घेतल्या. चौथ्या महिन्यात रिकामी स्ट्रिप पर्समध्ये घालून माझ्या दवाखान्यात आली. प्रश्न एकच होता: "तिला लागू पडली, मला का नाही?"

हाच प्रश्न मला या भागात फार ऐकू येतो. इतका नेमका मात्र क्वचितच कुणी विचारतं. घर एक, जेवण एक, गोळी एक, डोसही तोच. फरक अकरा वर्षांचा. पण नुसतं "वय झालंय" असं सांगून तिला परत पाठवणं म्हणजे अर्धंच उत्तर झालं असतं, आणि तेही थोडं चुकीचं.

थोरलीची आधीची हकिगत

लग्न पंचविसाव्या वर्षी झालं. वर्षभरात मुलगी झाली, तीही कसल्याही औषधाशिवाय. ती आता सहावीत आहे. नंतर तांबी बसवली. नवरा काही वर्षं गोव्यात कामाला होता, मग घर बांधायला काढलं, मग सासऱ्यांचं आजारपण. तांबी काढली तेव्हा तिला छत्तिसावं सरून चाललं होतं. सहा-आठ महिने वाट पाहिली. सासूबाईंचं म्हणणं, एकदा झालंय म्हणजे परत होणारच. उचगावच्या मळेकरणीला नवसही बोलून झाला होता. शेजारणींचं निदान वेगळं: तांबीनं पिशवी सुकली. हे खरं नाही. तांबी काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. मधल्या काळात वाढलेलं वय तेवढं परत जात नाही, आणि दोष तांबीच्या माथी बसतो.

मग दुसऱ्या एका दवाखान्यातून क्लोमिफिन सुरू झालं, तीही अंडं फुटण्यासाठीचीच गोळी. रोज ५० मिलिग्रॅम, पाच दिवस, पुढे १००. असं जवळजवळ दहा महिने चाललं. त्या दहा महिन्यांत सोनोग्राफी एकदाच झाली. नवऱ्याची तपासणी कुणी सांगितली नाही, नळ्यांचा एक्सरे नाही. दर महिन्याला "पुढच्या महिन्यात बघू." घरच्यांचंही तसंच होतं: आधी भाताची लावणी उरकू दे, मग गणपती, मग दिवाळी, मग गावची लक्ष्मीची यात्रा. कितीतरी वर्षांनी भरणारी यात्रा, पाहुण्यारावळ्यांनी घर भरलेलं, त्यात कोण बेळगावला रिपोर्टसाठी जाणार?

हे दहा महिने मला सगळ्यात जास्त खटकतात. पंचविशीतल्या बाईचे दहा महिने वाया गेले तर त्रास होतो, पण ते भरून निघतात. सदतिशीच्या पुढे ते भरून निघत नाहीत. म्हणूनच वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर तपासणी करा, असा जो सर्वसाधारण नियम आहे, तो पस्तिशीनंतर सहा महिन्यांवर येतो, आणि चाळिशीनंतर तर थांबायचंच नसतं. गोळ्या देत राहणं म्हणजे तपासणी नव्हे.

दोघींच्या कागदांत काय होतं

धाकटीच्या शरीरात स्त्रीबीजं भरपूर होती, पण एकही पूर्ण वाढून फुटत नव्हतं. लेट्रोझोल शरीरातलं इस्ट्रोजेन तयार होण्याची क्रिया काही दिवस रोखतं. इस्ट्रोजेन कमी पडलं की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला वाटतं, बीजकोश आळसावलाय. मग ती एफएसएच (अंडं वाढवणारं संप्रेरक) जास्त सोडते, आणि त्या जोरावर एखादं अंडं वाढायला लागतं. पहिल्या चक्रात अडीच मिलिग्रॅमनं काही झालं नाही. दुसऱ्यात पाच केल्यावर सोनोग्राफीत एक पुटिका (अंडं जिच्यात वाढतं ती पाण्याची पिशवी) १९ मिलिमीटरपर्यंत वाढलेली दिसली आणि नंतर फुटली. तिसऱ्यात दिवस राहिले. तिच्यात कमी होती ती या धक्क्याचीच.

थोरलीची पाळी मात्र घड्याळासारखी. पूर्वी तीस दिवसांची होती, दोन-तीन वर्षांत सव्वीसवर आली होती. तिला हे चांगलं लक्षण वाटत होतं: "पाळी कशी वेळेवर येते बघा." चक्र असं आखडणं ही बऱ्याचदा बीजकोशाचा साठा उतरत चालल्याची पहिली खूण असते. पाळी यायच्या आठवडाभर आधी प्रोजेस्टेरॉन (अंडं फुटल्यावर वाढणारं संप्रेरक) तपासलं, ते १२ आलं. म्हणजे अंडं फुटत होतं, गोळीशिवाय फुटत होतं. पाळीच्या दुसऱ्या दिवसाचं एफएसएच ११.८. बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं एएमएच ०.८, कमीच. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंच्या मिळून छोट्या पुटिका सहा.

तो एफएसएचचा आकडा मी तिला बोटानं दाखवला. लेट्रोझोल जे काम करून घेतं, ते तिची पिट्युटरी आपण होऊन करतच होती. साठा कमी झाला की तेच काम उरकायला ग्रंथीला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून एफएसएच वर चढतं. त्यात बाहेरून आणखी जोर लावून किती फरक पडणार? चोर्ला घाटात बंद पडलेली गाडी चार जणांनी ढकलली की सुरू होते. पण गाडी चालूच आहे आणि डिझेल तळाला गेलंय, तर ढकलणाऱ्यांचा घाम तेवढा निघतो.

धाकटी हे ऐकत बाजूलाच बसली होती, मूल मांडीवर. ती म्हणाली, "मग अक्कानं उगंच खाल्ल्या की गोळ्या." उगंचच नव्हे, धोक्यानंही. लेट्रोझोल सुरू करण्याआधी गर्भ नाही याची खात्री करावी लागते, कारण गर्भावस्थेत ते चालत नाही. दुसऱ्याच्या स्ट्रिपवर ती खात्री कोण करणार?

त्या स्ट्रिपची आणखी एक गोष्ट. थोरलीच्या भाच्यानं मोबाइलवर नाव टाकून बघितलं, तर स्तनाच्या कॅन्सरचं औषध असं आलं, आणि घरात दोन दिवस रडारड. गोळी मुळात त्याच आजारासाठी आली, हे खरं. आपल्याकडे वंध्यत्वासाठी ती वापरायला २०११ मध्ये बंदी होती, ती २०१७ मध्ये उठली. मधल्या काळात, २०१४ साली, अमेरिकेतल्या ७५० पीसीओएस असलेल्या स्त्रियांवरचा मोठा अभ्यास आला होता. त्यात लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफिन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के. धाकटीला ही गोळी देण्यामागे हा आधार होता. पण तो अभ्यास अंडं न फुटणाऱ्या बायकांचा आहे. थोरलीचं दुखणं ते नव्हतंच.

थोरलीसारख्यांना, म्हणजे अंडं फुटतंय तरी दिवस जात नाहीत अशांना, क्लोमिफिन देऊन पाहिल्याचाही अभ्यास आहे. स्कॉटलंडमधली ५८० जोडपी, २००८ साल. काहीही न देता नुसती वाट पाहणाऱ्यांत १७ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफिनवाल्यांत १४. तिच्या दहा महिन्यांच्या गोळ्यांचं फलित काय असणार होतं, ते या दोन आकड्यांत आलं.

साठा आणि दर्जा

बाई जन्मते तेव्हा बीजकोशात दहा ते वीस लाख बीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात. सदतिशीच्या सुमारास पंचवीस हजारांच्या आसपास. गोळी असो वा इंजेक्शन, नवं बीज कुठलंच औषध तयार करत नाही. त्या महिन्यात जी बीजं पुढे आलेली असतात, त्यांतलीच एक किंवा अनेक वाढवता येतात, बस.

संख्येपेक्षा मोठी अडचण दर्जाची. ही सगळी बीजं बाई आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि गुणसूत्रांच्या वाटणीच्या मधल्या टप्प्यावर थांबून राहतात. अडतिसाव्या वर्षी फुटणारं अंडं त्या टप्प्यावर अडतीस वर्षं थांबलेलं असतं. गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं तेवढ्या काळात झिजतात, वाटणी चुकते. अडतिशीच्या आसपास तपासलेल्या भ्रूणांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रं कमी-जास्त सापडतात, चाळिशीच्या पुढे ते प्रमाण भराभर वाढतं. असे बहुतेक गर्भ रुजतच नाहीत, किंवा रुजून पडतात. डाउन सिंड्रोमचा धोका विशीत दीड हजारात एक, पस्तिशीला साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक, तो यामुळेच.

क्लोमिफिन आणि आययूआय (शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडणं) एकत्र दिलेल्या चार हजारांहून अधिक चक्रांचा एक अमेरिकी आढावा २००८ मध्ये आला होता. एका चक्रात गर्भ राहण्याचं प्रमाण पस्तिशीच्या आत ११.५ टक्के, ३८ ते ४० मध्ये ७.३, ४१-४२ ला ४.३, आणि त्यापुढे फक्त १ टक्का. गोळी तीच. उतार औषधाचा नाही, बीजाचा आहे.

एएमएचबद्दल इथंच सांगायला हवं, कारण थोरली त्या ०.८ वरच अडून बसली. कुणीतरी तिला "साठा संपला" असं ऐकवलं होतं. एएमएचवरून अंडी वाढवायच्या इंजेक्शनांना बीजकोश किती प्रतिसाद देईल याचा अंदाज येतो. आपसूक गर्भ राहील की नाही, हे त्यातून कळत नाही. २०१७ मध्ये तिशी ते चव्वेचाळिशीच्या ७५० बायकांवर झालेल्या अभ्यासात, वंध्यत्वाचा इतिहास नसताना, कमी एएमएच असणाऱ्यांना गर्भ राहायला जास्त वेळ लागला नाही. हा आकडा दाखवून बायकांना घाबरवायचा जो धंदा शहरांत चालतो, तो मला मुळीच पटत नाही. थोरलीच्या बाबतीत तो आकडा मी फक्त इंजेक्शनांचा हिशेब करायला वापरला. उलटंही होतं: धाकटीचं एएमएच उंच होतं, तरी अंडं एकही फुटत नव्हतं.

आणि अडतिशीतल्या बाईला लेट्रोझोल कामाचंच नाही, असा अर्थ कुणी काढू नये. पाळी तीन-तीन महिने लांबणारी, अंडं न फुटणारी अडतीस वर्षांची बाई आली तर मी तिलाही हीच गोळी देईन. फक्त सहा-सहा महिने थांबणार नाही.

नवऱ्याची तपासणी

तो उद्यमबागेत एका फाउंड्रीत, भट्टीवर. वय ४३. तपासणीचं नाव काढलं तर म्हणाला, "माझी एक पोरगी हाय की मॅडम, मला कशाला टेस्ट?" बारा वर्षांपूर्वीची मुलगी हा बारा वर्षांपूर्वीचा रिपोर्ट, एवढंच मी बोलले. दोन आठवडे काही हालचाल नाही. शेवटी थोरलीनंच सांगितलं, त्यांची तपासणी झाल्याशिवाय मी सुई टोचून घेणार नाही. मग गेला.

प्रति मिलिलिटर १ कोटी १० लाख शुक्राणू, हालचाल ३५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आणि ४२ टक्के. फार वाईट नाही, पण कमी. भट्टीची धग वृषणांना मानवत नाही. शुक्राणू नीट तयार व्हायला तिथलं तापमान शरीरापेक्षा कमीच लागतं. वर तंबाखू. त्यानं सुपरवायझरला विनंती करून मशीन शॉपला बदली मागून घेतली. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणजे फरक दिसायला तीन महिने.

हे तीन महिने थांबायचं का, यावर घरात वाद झाला. त्याचं म्हणणं, आधी माझा आकडा सुधारू दे. मी नको म्हटलं. बायको तिशीची असती तर खुशाल थांबले असते. शुक्राणू तीन महिन्यांत नवे येतात, बीजं येत नाहीत. त्याचा आकडा आययूआयला पुरेसा होता. बेळगावला नळ्यांचा एक्सरे झाला, दोन्ही मोकळ्या निघाल्या. थायरॉइड ठीक.

पुढे

मी त्यांच्यापुढे ३८ ते ४२ वयाच्या बायकांवरचा २०१४ मध्ये छापून आलेला अमेरिकी अभ्यास ठेवला. पहिल्या दोन चक्रांनंतर गोळी अधिक आययूआय घेतलेल्यांत साधारण २२ टक्के जणींना गर्भ राहिला, इंजेक्शन अधिक आययूआयवाल्यांत १७, आणि थेट आयव्हीएफ (बीज शरीराबाहेर फळवून गर्भ आत सोडणं) केलेल्यांत ४९. म्हणजे या वयात मधल्या पायऱ्या गाळून सरळ आयव्हीएफकडे जाणं शास्त्राला धरून आहे. पण अभ्यासात खर्चाचा विचार त्यांच्या देशाचा असतो. इथं एका चक्राला दीड-दोन लाख, उसाचं बिल अजून यायचं होतं, मुलीच्या शाळेची फी भरायची होती. ठरलं असं: पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत दोनच आययूआय, तिसरं नाही. आययूआयला जोड म्हणून लेट्रोझोल द्यायचं, या वेळी सोनोग्राफी करून.

पहिलं वाया गेलं. दुसऱ्यात टेस्ट पॉझिटिव्ह आली. घरात पेढे आणायची घाई झाली होती, मी थांबायला सांगितलं. सातव्या आठवड्यात ठोके दिसले नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात गर्भ पडला. सासूबाईंनी कारण शोधलं ते आंगण सारवण्याचं. मी त्यांना समोर बसवून सांगितलं की वाकल्यानं, सारवल्यानं, पपई खाल्ल्यानं हे झालेलं नाही. नॉर्वेतल्या मोठ्या नोंदींनुसार २५ ते २९ वयात दर दहा गर्भांपैकी एक पडतो, ४५ च्या पुढे निम्म्याहून जास्त. थोरली या चढावर मध्ये कुठेतरी आहे. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. पण त्यानंतर सारवणाचं नाव घरात निघालं नाही, असं धाकटीनं सांगितलं.

सोसायटीचं कर्ज काढून आयव्हीएफ झालं. तोवर नवऱ्याचा आकडा १ कोटी ७० लाखांवर आला होता. इंजेक्शनांचा डोस मोठा होता, तरी बीजं पाचच मिळाली. पुटिका सहाच होत्या, तेव्हा हे अपेक्षितच होतं. तीन फळली, पाचव्या दिवसापर्यंत एक टिकलं. ते आत सोडलं. बारा दिवसांनी रक्त तपासलं, निगेटिव्ह.

त्यानंतर सेंटरनं दात्या स्त्रीचं बीज सुचवलं. वैद्यकीय दृष्ट्या सल्ला बरोबर होता. तसं केलं तर यश बीज देणारीच्या वयावर ठरतं, गर्भ वाढवणारीच्या वयावर फारसं नाही. पिशवी म्हातारी होत नाही, बीज होतं, याचा याहून सरळ पुरावा नाही. अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानं बीज देणारी २३ ते ३५ वयाचीच असावी लागते, तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येतं, आणि त्या वेळी जास्तीत जास्त सात बीजं काढता येतात. नवरा तयार होता. त्याच्या मनात मुलगा होता, हे त्यानं लपवलं नाही. गर्भाचं लिंग निवडणं गुन्हा आहे आणि तिथं कुणी ते करूनही देणार नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

थोरली नाही म्हणाली. रडून नव्हे, हिशेबानं. कर्जाचे हप्ते किती, मुलगी दहावीला जाईल तेव्हा काय लागेल, हे तिनं वहीत लिहून आणलं होतं. "एक हाय की माझी. हिच्या शिक्षणाला पैसे ठेवायचे म्या." नवऱ्याला मिरजेला जाऊन आणखी एका डॉक्टरांचं मत घ्यायचं होतं. तो एकटाच फाइल घेऊन गेला, तेच उत्तर घेऊन परत आला.

माझ्या मते तिचा निर्णय बरोबर होता. दुसऱ्या एखादीनं दात्याचं बीज घेतलं असतं तर तेही बरोबरच ठरलं असतं. चूक होती ती दहा महिने नुसत्या गोळ्या चालू ठेवण्यात. छत्तिशी-सदतिशीत हीच तपासणी झाली असती तर मूल झालंच असतं असं नाही, पण तिच्या हाती निवडायला आणखी काही राहिलं असतं.

जाताना तिनं विचारलं, आपसूक दिवस जायची आशा आता अगदीच नाही का? आहे, थोडी आहे. पाळी चालू आहे, नळ्या मोकळ्या आहेत. म्हणून फोलिक ॲसिड चालू ठेवायला सांगितलं आणि पाळी आठवडाभर लांबली तर आधी टेस्ट करायला. बीपी १४० वर ९० होतं, त्यासाठी पंधरा दिवसांनी बोलावलंय. तिशीनंतर करायची गर्भाशयमुखाची तपासणी तिनं कधीच केली नव्हती, तीही त्याच दिवशी उरकायची आहे. धाकटीला सोबत आणायला सांगितलंय, तिला वजन आणि साखर बघायची आहे. पीसीओएस मूल झाल्यावर जात नाही.